मॅनिफेस्टेशन म्हणजे यादी

नाही गो रुचा, इतक्यात लिहून घेऊ नकोस — मॅनिफेस्टेशनचा मोबाईलवर ऐकलास तो अर्थ तेवढा वाचनालयातल्या भाषणात सांगितलास तर अर्धंच होईल. मनातली इच्छा वहीत रोज लिहायची आणि ती खरी होते, हा अगदी अलीकडचा. आमच्या गोदीत मॅनिफेस्ट म्हणजे जहाजातल्या मालाची यादी — कुठल्या पेटीत काय, कुणाच्या नावाने. चौतीस वर्षं मी तेच कागद तपासले. मुळात शब्द लॅटिन. मानुस म्हणजे हात — आपला माणूस नव्हे — तर हाताने धरलेला. चोर चोरी करताना सापडला की तो मॅनिफेस्ट. त्यावरून मग जे जे उघड झालं ते सगळंच. आपण मराठीत प्रकटीकरण म्हणतो. आणि डॉक्टर लोक — हां, आतला रोग बाहेर दिसायला लागला की ते हाच शब्द लिहितात. हे मला उशिरा कळलं. उशिरा म्हणजे — नाही, खोटं कशाला बोलू, वेळेत कळलं होतं.

चार वर्षं झाली. तू तेव्हा माहीमला मामाकडे दहावी करत होतीस. आपल्या चाळीतली एक बाई, डायबेटिसवाली, हॉस्पिटलचा कागद घेऊन आली माझ्याकडे. इंग्रजी कागद आला की दौलततात्या, हे चाळीत ठरलेलंच. त्यात होतं, ऑक्युलर मॅनिफेस्टेशन. ती म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरला लगेच दाखवा म्हणालेत, पण गणपती तोंडावर आलेत, कामाच्या ऑर्डरी घेऊन बसलेय, थांबलं तर चालेल का? गॅलरीत पाच-सहा बायका उभ्या, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत. ऑक्युलर म्हणजे डोळ्याचं, एवढं मला समजलं होतं. पुढचं येत नव्हतं. पण येत नाही म्हणायचं कसं? म्हटलं, मॅनिफेस्ट म्हणजे यादी, तपासण्यांची यादी केलीय त्यांनी, गणपती झाल्यावर जा निवांत. अगदी खात्रीने म्हटलं. ती एवढी सुटल्यासारखी हसली — आणि दुसऱ्या दिवशी गावाहून आलेलं चिबूड आणून दिलं मला.

तोवर मला कळलं होतं. ती कागद घेऊन आली त्याच दुपारी शब्दकोश काढला होता मी. सगळं होतं त्यात, एकाखाली एक — यादी, चोर, रोग. वरच्या मजल्यावर जाऊन सांगायचं, एवढंच. जिन्यापर्यंत गेलोसुद्धा. वर त्याच बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर चुकलो म्हणायचं — फिरलो मागे. उद्या सांगू म्हटलं. मग चिबूड आलं, ते खाल्लं, आणि परवा म्हटलं. मग गणपतीच आले. नवरात्रात तिचा उजवा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी यायला हवं होतं. आणि ती मलाच येऊन सांगते, तात्या, माझं नशीब, तुम्ही काय करणार. तिला माहीत आहे की नाही, मला आजवर विचारवलं नाही. अजूनही कुणाकडे इंग्रजी कागद आला की तीच माझ्याकडे पाठवते —

हो. कालिंदीच. तुझी आई.

उठू नकोस बाय. आधी तू वर जाऊ नकोस — तुझ्या तोंडून नको कळायला तिला. चप्पल कुठे माझी... असू दे. तू बस इथेच. मला एकट्याला जाऊ दे वर.