रोजचं बरोबर साडेतीन

सिरियलमधलं कळायला डोकं लागतं म्हणता? मग आमच्या मंगलवहिनींना भेटाच. संगमनेरजवळ आमच्या गावात दूध डेअरीवर त्या फॅट काढतात, म्हणजे प्रत्येकाच्या दुधात स्निग्धांश किती ते मशीनवर मोजतात.

परवा सकाळी दूध घालायच्या रांगेत सिरियलवरून जुंपली. डॉनचा ठावठिकाणा पोलिसांना टोळीतल्या कुणी सांगितला? आम्ही सगळे म्हणत होतो, जग्गूनं. सारखा डॉनशी भांडतो, तोच फुटलाय. पण रांगेतले भाऊसाहेब डॉनच्या दुसऱ्या माणसासाठी, रघूसाठी, इरेला पेटलेले. "आरं, रघू देवमानूस हाय! इतक्या दिवसांत डॉनला एक उलटा शब्द न्हाई त्याचा!"

वहिनी मशीनवरनं मान वर न करता म्हणाल्या, "मंग रघूच फुटलाय."

"ते कशावरनं?"

"भावजी, गायीचं फॅट कधी कमी लागतं, कधी जास्त. आज चारा येगळा, उद्या ऊन जास्त. पन ज्याचं रोज बरोबर साडेतीन लागतं ना, त्याच्या दुधात मापून पानी पडतंय, हे मी न बघता सांगते."

भाऊसाहेब कॅनचं झाकण घट्ट करत बसले, आधीच घट्ट असलेलं.

त्याच संध्याकाळी एपिसोडमध्ये रघू निघाला की हो फितूर! मी टीव्हीसमोर अक्षरशः हात जोडले, वहिनींना.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्षभर साडेतीनवरनं न हललेलं भाऊसाहेबांचं फॅट चार पॉइंट दोन लागलं.

वहिनींनी पावती फाडून हातात दिली. "नवी गाय घेतली का, भावजी?"