बदलीचा माणूस

सून – आई, फोन असा खिडकीबाहेर धरून काही होणार नाही. टॉवरच पडलाय वादळात. द्या तो इकडे.

सासू – नकाशा उघडतो, आणि वर नुसतं चाक फिरत राहतं. जोडत आहे, जोडत आहे. कुणाशी जोडतंय ते?

सून – कुणाशीच नाही. इंटरनेट फक्त या लॅपटॉपला आहे, वायरीतून. राउटर विजेनं जळाला, म्हणून ह्यांनी वायर थेट यातच खुपसली होती.

सासू – मग त्याच्यातच बघ की, हे कुठे आहेत ते.

सून – बघितलं. म्हणतंय, मोबाइलवर आकडा पाठवलाय, तो टाका. रेंजच नाही तर आकडा येणार कुठून? बाबांच्या हातातल्या घड्याळात दुसऱ्या कंपनीचं कार्ड आहे, ते बहुतेक चालू असेल. पण ते घड्याळ जोडलंय फक्त तुमच्या फोनला.

सासू – बोल, बोलून टाक. माझ्यामुळे.

सून – मी असं म्हटलं नाही.

सासू – ह्यांना विसरायला होतं म्हणून घड्याळ आणलं, तेव्हा मीच म्हटलं होतं. माझा नवरा म्हणजे काही ढोर नाही, सगळ्या घरानं त्याच्या गळ्यातली घंटा ऐकायला. मी एकटी बघेन म्हटलं. बघितलं ना, कसं बघितलं.

सून – आता ते नको. मी या लॅपटॉपलाच राउटर बनवते. हॉटस्पॉट म्हणतात त्याला. वायरीतून आलेलं हा हवेत सोडेल, तुमचा फोन ते पकडेल. फक्त यात ह्यांनी लिनक्स टाकून ठेवलंय, आणि मला सवय ऑफिसातल्या कॉम्प्युटरची. शोधत शोधत जावं लागेल.

सासू – परत भोंगा वाजला.

सून – ऐकला मी.

सासू – म्हणजे धरणातून अजून पाणी सोडणार. पहिल्या भोंग्यालाच उठले असणार हे. सगळी नोकरी धरणाच्या गेटवर काढली, भोंगा झाला की ताटावरून उठून जायचे. मी आत भांडी आवरत होते. दार आपटलं, मला वाटलं वारा. मी उठून कडीसुद्धा बघितली नाही गं.

सून – हे गेलेत ना मोटारसायकलनं मोठ्या गेटवर. तिथेच असतील बाबा.

सासू – आणि नसले तर?

सून – तेच तर बघायचंय. थांबा... वायफायचं पान उघडलं. पण सगळं करडं दिसतंय, काही दाबलंच जात नाही. विमान मोड चालू आहे म्हणे.

सासू – विमान कसलं मधेच?

सून – विमानात बसल्यावर बंद करतात तसं सगळं बंद आहे. हं, हे बटण. झालं, वायफाय जागं झालं. आता हे तीन ठिपके... त्यात आहे, हॉटस्पॉट चालू करा.

सासू – कर मग. विचारतेस काय?

सून – ते विचारतंय. आधीचं वायफाय तुटेल, चालेल का.

सासू – आधीचं आहे कुठे तुटायला?

सून – तेच. नाव आपोआप आलं. पासवर्ड टाका म्हणतंय... ‘घरी या’ टाकते, इंग्रजी अक्षरांत. नाही घेत. आठ अक्षरं हवीत, एक कमी पडतंय.

सासू – मग या-ला ओढून लिही. जोरात हाक मारल्यासारखं.

सून – घेतलं. चालू झालं आई. द्या फोन. दिसतंय... पासवर्ड... जोडला गेला.

सासू – दिसले?

सून – नाही. जोडलंय, पण इंटरनेट नाही म्हणतंय.

सासू – म्हणजे काय? जोडलंय पण नाही, म्हणजे काय?

सून – आई, हात सोडा माझा. टाइप करता येत नाहीये.

सासू – सोडला. ओरडू नकोस गं.

सून – मला पण भीती वाटतेय. मघाशी याच लॅपटॉपवर ते आकड्याचं पान उघडलं होतं, आणि आता तेही उघडत नाही. मधल्या वेळात काय झालं? काय केलं आपण?

सासू – मी काही नाही केलं. खिडकीतून रस्ता दिसेना म्हणून टेबल जरा सरकवलं, एवढंच.

सून – टेबल. वायर ताणली असेल... हो, अर्धी बाहेर आलीय. थांबा. बसली, टक्‌ वाजलं. दिवा लागला. आता बघा फोन. चाक थांबलं का?

सासू – नकाशा आला. ठिपका आपल्या घरावर आहे. घरात आहेत का गं? न्हाणीघर बघितलंस?

सून – तो जुना ठिपका असेल. जरा थांबा, हलेल.

सासू – हलला. हा बघ. पण हे... हे निळं काय आहे? पोरी, निळ्यात दाखवतोय. पाण्यात दाखवतोय ह्यांना.

सून – इकडे करा. मोठं करते. आई, श्वास घ्या. ही नदी, हा कालवा. हे कालव्याच्या तोंडाशी काय आहे?

सासू – जुनं गेट. ते कधीचं बंद आहे. वर कठडा आहे, पण उभं राहायला फळ्याच, आणि त्याही सडलेल्या.

सून – म्हणजे फळ्यांवर उभे आहेत. ठिपका स्थिर आहे, वाहत नाहीये. बघा, जागचा हलत नाही. तुम्ही इथून घड्याळाला फोन लावा, हे हिरवं बटण. आपोआप उचलला जातो. मी माझाही फोन याच हॉटस्पॉटला लावून ह्यांना कळवते, मोठ्या गेटकडे दुसरा टॉवर आहे.

सासू – मी काय बोलू?

सून – काहीही. फक्त जागेवरून हलू देऊ नका. (आपल्या फोनवर, नवऱ्याला) अहो, ऐका, मधे बोलू नका. बाबा मोठ्या गेटवर नाहीत. जुन्या गेटवर आहेत, फळ्यांवर. हो, कालव्याच्या तोंडाशी. हॉर्न वाजवू नका, दचकतील.

सासू – अहो. अहो, ऐकताय का? मी बोलतेय.

सासरे – कोण? मोठ्यानं बोला, पाण्याचा आवाज आहे.

सासू – मी आहे. घरी चला. तुम्ही रिटायर झालात, किती वेळा सांगायचं तुम्हाला? तिथे काही काम नाही तुमचं.

सासरे – कोण बाई आहात तुम्ही? भोंगा ऐकला नाही का? खालच्या वस्तीत पाणी शिरेल. गेटचं चाक गंजलंय, त्यावर पाय देऊन जोर लावावा लागेल.

सून – आई, वाद नको. बाबा चाकावर चढतील. ते ड्यूटीवर आहेत, तर ड्यूटीवरच राहू द्या. ऑफिसातून बोला.

सासू – मला नाही येत खोटं बोलायला. त्यांच्याशी तर कधीच नाही.

सून – मग मी बोलते.

सासू – नको. दे इकडे.

(सासू फोन परत घेऊन तोंडाजवळ धरते. पलीकडून पाण्याचा आवाज येतो.)

सासू – हॅलो. ऑफिसातून बोलतेय.

सासरे – ऑफिसातून? तिथे बाई कधीपासून?

सासू – नवीन आहे. साहेबांचा निरोप आहे. जुन्या गेटच्या चाकाला हात लावायचा नाही.

सासरे – का? वरून पाणी येतंय.

सासू – मोठी गेटं उघडलीत. खालच्या वस्तीला कळवलंय, माणसं वर गेलीत. जुनं गेट आज बंदच ठेवायचं आहे. हुकूम आहे.

सासरे – लेखी आहे का?

सासू – लेखी मागून येईल. आधी तुम्ही कठड्याला धरून खाली बसा बघू.

सासरे – बसून कशी होईल ड्यूटी?

सासू – तुमची ड्यूटी संपली. बदलीचा माणूस निघालाय. तो येईपर्यंत बसून राहायचं, असाच नियम आहे.

सासरे – हा नियम नवीन दिसतोय.

सासू – हो. बसलात का?

सासरे – बसतो. फळी ओली आहे.

सासू – असू दे ओली. कठडा दोन्ही हातांनी धरा. सोडू नका. पाण्याकडे बघू नका.

सासरे – अहो, पाण्याकडे बघायचाच पगार मिळतो मला.

सून – आई, ह्यांना दिसले बाबा. गाडी लांब लावून चालत निघालेत. बांधावर चिखल आहे, हळूहळू जावं लागतंय.

सासू – तुमच्याकडे माणूस पोचतोय. तरुण आहे. तो हात देईल, तो धरायचा.

सासरे – काम येतं का त्याला? का साहेबांचा कुणी भाचापुतण्या?

सासू – येतं. तुमच्यासारख्याच माणसाच्या हाताखाली वाढलाय.

सासरे – मग ठीक. आज थंडी फार आहे, बाई. बोटं धरत नाहीयेत.

सासू – धरतील. अजून थोडं. तुम्ही बोलत राहा माझ्याशी. काहीही बोला.

सासरे – दिसला, कुणीतरी येतंय. फळ्यांवर पोटावर आडवा झालाय. शहाणा आहे, वजन वाटून टाकलं.

सून – आई, फोन खिशात टाकलाय ह्यांनी. नुसता पाण्याचा आवाज येतोय. मला काही कळत नाहीये.

सासू – पोचला का तो? अहो, हात धरला का त्याचा? बोला ना. पोचला का?

सासरे – धरला. पोराचा हात गरम आहे.

सासू – त्याच्याबरोबर निघा. तो म्हणेल तिथेच पाय टाका.

सासरे – निघालो... सरळ रांगायला लावतोय मला... हं. आलो, बांधावर आलो. पाय टेकले. माझी ड्यूटी उतरली, असं लिहून घ्या.

सून – आले बांधावर. ह्यांचा पण आवाज आला. आई, बसा खाली. आले ते.

सासू – घेतलं लिहून. आता घरी जा तुम्ही.

सासरे – जातो. पण बाई, तेवढा माझ्या घरी एक निरोप द्याल का? बायको एकटी आहे. भोंगा झाला की ती दाराशी येऊन बसते. मला कधी बोलली नाही, पण फार घाबरते.

सासू – देते निरोप.