सगळ्यांना ‘जुळला’ म्हणणारी वेबसाइट

साहेब, सरकारी मोफत उपचार योजनेची वेबसाइट पुरती न तपासता तुम्ही सुरू केलीत. सांगलीच्या दवाखान्यात विट्याचे जोतिबा पुतणीशी, पूजाशी, काय बोलत होते ते ऐका.

“पाचव्यांदा अंगठा जुळंना. कार्ड माझ्या नावावर, आन तुझ्या काकूचं आपरेशन अडलंय.”

“आवं काका, तीस वर्षं सोनं गाळलंत. ॲसिडनं रेषाच गेल्यात.”

“पर ही वेबसाइट तूच तपासलीस न्हवं?”

“व्हय.”

“मग असला अंगठा लावून बघितला न्हाईस?”

“अंगठा ओळखणारी सेवा बाहेरनं जोडायची असती. टेस्टिंगला आमी खरीच्या जागी नकली जोडली. ती सगळ्यांनाच ‘जुळला’ म्हणायची.”

“गाढवाचा पाय लावला आसता तर?”

“तरी जुळला.”

“लय गुणाची की गं! आन खरी?”

“खरी जोडून बघू, असं दोनदा लिहून दिलं. वरनं सांगितलं, उद्घाटनाची तारीख ठरलीय, सही कर.”

“आन केलीस.”

“केली.”

“काकू सकाळधरनं उपाशी पडलीय आत. तिला काय सांगू? बोल की!”

साहेब, तुम्ही बोला.