माह्या पोट्ट्याची चिप

बळीराम: नाही वं पोरी, थो मोठा नाही पायजे मले. हा लहानवालाच दे. टोरस चिपवाला.

गुंजन: काका, ऐका ना जी माहं. दोन्ही फोन ऑरम बाराच आहेत. कॅमेरा सेम, मेमरी सेम. फक्त मोठ्यात अमेरिकावाली चिप आहे अन् याच्यात टोरसची. या दुकानात तीन वर्ष झाले मले, टोरसवाला मी माह्या सख्ख्या भावालेही देणार नाही.

प्रीतम: बाबा, चला ना. नंतर येऊ.

बळीराम: नंतर काहून? खापरखेड्याहून सीताबर्डीवर मी काय रोज-रोज येतो का? हं, सांग पोरी. काहून नाही देनार भावाले?

गुंजन: तवा आहे तो, काका. थोडा वेळ व्हिडिओ काढा अन् वरून पोळी शेकून घ्या. आपल्या नागपूरच्या उन्हात तर बंदच पडते. स्क्रीनवर लिहून येते, फोन थंडा होऊ द्या. आता मे महिन्यात कुठून थंडा होईन जी?

बळीराम: गरम तं होईनच ना. मी पावरहाऊसमंदी बॉयलरवर जिंदगी काढली. जे काम करते थे गरम होते.

गुंजन: काम तर अमेरिकावालीही करते जी, अन् हातात घेतली तर एकदम गार. तैवानवाली पाहा. पहिले लोक तिचं नाव ऐकून नाक मुरडत होते, आता विचारून-विचारून नेतात. टोरसवाल्याइलेच अक्कल येऊन नाही राहिली. दरवर्षी स्टेजवर उभे राहून मोठ्या-मोठ्या बाता मारतात, अन् फोन हातात आला का तोच तवा.

प्रीतम: पहिली चिप तापत होती. ही तेवढी तापत नाही. गेम खेळताना थोडी…

गुंजन: तुम्ही वापरला का, दादा?

प्रीतम: नाही.

गुंजन: मंग? मी वापस घेऊन राहिली जी हे फोन. लोक इथं येऊन माह्या तोंडावर बोलतात. कोण्या गधड्यानं बनवली म्हणतात ही चिप.

बळीराम: ह्यानं बनवली.

गुंजन: काय?

बळीराम: थो गधडा म्हन्जे हा. माहा पोट्टा, प्रीतम. बंगलोरच्या टोरसमंदी इंजिनीअर हाय. चिपच्या कोन्या भागाले किती करंट द्याचा, थे ह्याच्या हाती. मी बी पावरवाला, हा बी पावरवाला.

गुंजन: अरे देवा. सॉरी दादा. मले काय माहीत जी… माहा मतलब तसा नव्हता.

प्रीतम: असू द्या. बाबा, चला आता.

बळीराम: थांब ना गा. पोरी, हा फोन खोलून दाखव ना. मले थे चिप पाह्याची हाय.

गुंजन: नाही खोलत जी काका. खोलला का वारंटी गेली.

बळीराम: मंग सेटिंगमंदी नाव तं अशीन बनवनाऱ्याचं? पाह्य बरं. प्रीतम बळीराम गजभिये.

प्रीतम: बाबा, तिथे नावं नसतात.

बळीराम: काहून नसते? आमच्या युनिटवर पितळेची पाटी हाय मोठी.

प्रीतम: तिच्यावर तुमचं नाव आहे का?

बळीराम: मंत्र्याचं हाय. मी राखेतला मानूस, माहं कायले टाकतीन? तू शिकला-सवरला, मले वाटलं तुहं टाकत असतीन. रविवारी विहारात वंदना झाली का समद्याइले फोन दाखवतो म्हनून सांगून बसलो मी. तुह्या मायनं खिरीसाठी दूध बी सांगतलं.

गुंजन: पण दादा, टोरसचं ते बंगलोरचं ऑफिस तर बंद झालं ना जी? दिवाळीच्या टायमाले. सगळ्याइलेच काढलं म्हणे एकदम, मी व्हिडिओ पाहिला त्याच्यावर. तुम्ही दुसरीकडं लागले का?

बळीराम: काहीबी सांगतं वं. हा घरूनच काम करून राहिला तवापासून. सकाळी दार लावते, थे दिवसभर मान वर नाही करत.

प्रीतम: मॅडम, तुम्ही बॉक्स आणा. सीलबंद आहे का पाहा.

गुंजन: हो… हो जी. आतून आणते.

(गुंजन आत सटकली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मागे राहिलेल्या बापलेकाला एकमेकांकडे पाहायची हिंमत होईना. दोघंही काचेखालच्या फोनांकडेच पाहत उभे राहिले.)

बळीराम: थे पोरगी काय म्हनून राहिली?

प्रीतम: खरं म्हणून राहिली.

बळीराम: म्हन्जे तुले बी काढलं?

प्रीतम: दिवाळीला सामान घेऊन आलो ना मी, तेव्हाच.

बळीराम: मंग दार लावून काय करत होता तू?

प्रीतम: पहिले अर्ज करत होतो. काही ठिकाणी फोनवर मुलाखतीही झाल्या. टोरस म्हटलं की समोरचा हसतो, बाबा. एकानं विचारलं, तुम्ही स्वतः कोणत्या चिपचा फोन वापरता? अमेरिकावाली आहे म्हटलं. तेव्हा तर तो खूपच हसला.

बळीराम: अन् मंग?

प्रीतम: मग अर्ज बंद केले. आता नुसते व्हिडिओ पाहतो. टोरसवर कोण काय बोललं ते. त्याच्या खाली लोक लिहितात, ते सगळं वाचतो. तवा, इस्त्री, शेगडी. हजारो लोक आहेत. एक वाचून झालं की दुसरं.

बळीराम: काहून वाचतं गा बापा असं?

प्रीतम: चूक माझी होती का ते पाहतो. करंटचं काम आमच्याच टीमचं होतं ना.

बळीराम: होती का?

प्रीतम: माहीत नाही. तेच तर आहे. आम्ही तपासलं तेव्हा सगळं बरोबर निघालं होतं. दुसऱ्या टीमनं तपासलं, त्यांचंही बरोबर निघालं. अन् चिप तापते. कोणीतरी समोर बसवून सांगितलं असतं ना, की प्रीतम, ही तुझी चूक, तर सुटलो असतो मी. आता विचारायला तिथे माणूसच उरला नाही. मला काही येतं असं आता वाटतच नाही, बाबा. सकाळी जाग आली की वाटतं, परत ते दार लावायचं आहे.

बळीराम: तुह्या मायले माहीत हाय?

प्रीतम: नाही.

बळीराम: मले तरी सांगाचं होतं.

प्रीतम: कधी सांगू? तुम्ही कॉलनीभर सांगत फिरत होते. भाजीवालीलासुद्धा. पोराची चिप येऊन राहिली म्हणून.

बळीराम: हव. फिरलो खरा. दुसरं काय होतं माह्यापाशी सांगाले?

प्रीतम: म्हणूनच नाही सांगितलं.

गुंजन: काका, हा घ्या. सीलबंद आहे. सेठ म्हणतात, घेऊन राहिले तर भाव कमी करून देऊ.

प्रीतम: नको. बाबा, घेऊ नका. ती बरोबर सांगत होती, तापतो हा फोन. तुमची एफडी याच्यासाठी नका मोडू.

बळीराम: अन् रविवारी काय दाखवू मी लोकाइले?

प्रीतम: काहीच नका दाखवू.

बळीराम: ठेव वं पोरी वापस. नाही पायजे.

गुंजन: मंग मोठा देऊ का जी? अमेरिकावाला?

बळीराम: थो घेऊन काय करू? त्याच्यात माह्या घरातल्या कोनाचा हात हाय?

गुंजन: दादा, एक बोलू का? राग नका मानू. मी आत सेठले सांगितलं, का बाहेर टोरसचे इंजिनीअर उभे आहेत म्हणून. आमच्या काउंटरचा एक माणूस रायपूरले निघून गेला. सेठ म्हणतात, आजकाल गिऱ्हाईक आल्या-आल्या चिपचंच विचारते, कोणती चांगली, कोणती तापते. नीट समजावून सांगणारा कोणी पायजे. तुम्हाले जमत असेल तर… दुसरीकडं लागेपर्यंत.

प्रीतम: मी? इथे उभं राहून फोन विकू?

गुंजन: टोरसवाले नाही जी विकावे लागणार. ते तर सगळे वापस जाऊन राहिले कंपनीत. बाकीचे.

प्रीतम: चला बाबा. बस निघून जाईल.

गुंजन: काका, तुम्ही तरी सांगा ना त्याइले. सेठ चांगले आहेत आमचे.

प्रीतम: बाबा, चला म्हटलं ना.

बळीराम: डुटी किती वाजता सुरू होते, वं?