फरशीवर पाण्याने लिहिलेल्या दोन ओळींबाबत पुरवणी जबाब

नाव : यान पेइशेंग. वय : ७१ वर्षे. धंदा : निवृत्त, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवण्याचे काम. राहणार : पांढरा दगड गल्ली, इमारत ६, तिसरा मजला, हायडियन, बीजिंग. तारीख २९ ऑक्टोबर, सकाळी १० वाजून २० मिनिटे.

मी कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात हजर राहून सांगतो की, १४ ऑक्टोबर रोजी मी इथेच एक जबाब दिला होता. त्यात मयत फू यिनान यांनी मरणापूर्वी बागेत शेवंतीच्या फुलांविषयी दोन ओळी लिहिल्या असे म्हटले आहे. तेवढे वाक्य खोटे आहे. बाकीच्या वेळा, जागा आणि नावे बरोबर आहेत. त्या खोट्या ओळी येत्या १ नोव्हेंबरला त्यांच्या थडग्याच्या दगडावर कोरल्या जाणार आहेत, म्हणून आज आलो.

नोकरी सुटल्यापासून अकरा वर्षे मी शहरातल्या बागांमध्ये फरशीवर पाण्याने अक्षरे लिहितो. लांब दांड्याचा स्पंजाचा कुंचला आणि एक बादली, एवढेच लागते. लोक बागेत झाडे बघायला जातात, मी फरशी बघतो. स्वर्गमंदिराच्या बागेत फरशी उत्तम आहे, पण तिथे गाणाऱ्यांचे ताफे असतात आणि ऊनही आधी येते. चार मिनिटांत अक्षर नाहीसे होते. राजवाड्यामागच्या टेकडीच्या बागेत वसंतात फुलांचे फोटो काढणारे अक्षरांवरून चालत जातात, वर आपल्यालाच बाजूला व्हायला सांगतात. युयुआन तळ्याकाठची फरशी खडबडीत, कुंचला महिन्यात झिजतो. जांभळ्या बांबूंच्या बागेत पूर्वेच्या दारापासून शंभर पावलांवर राखाडी दगडाच्या गुळगुळीत लाद्या आहेत आणि नऊपर्यंत बांबूची सावली असते. तिथे ऑक्टोबरात अक्षर बारा मिनिटे टिकते. मी घड्याळ लावून पाहिले आहे. अधिकारी म्याओ मॅडम यांनी विचारले की हे सगळे जबाबात हवेच का. हवे.

मयत फू यिनान, वय ७४, पूर्वी शहर बस चालवत असत. आम्ही त्यांना लाओ फू म्हणायचो. मला बागेत यान मास्तर म्हणतात. मी कधी कोणाला शिकवलेले नाही, फक्त चुका काढतो. तीन वर्षांपूर्वी लाओ फू यांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज कायमचा गेला. त्यानंतर त्यांची मुलगी फू चिंगयुन, वय ४३, त्यांना बागेत घेऊन आली. ती मला म्हणाली, "यान काका, बाबा दिवसभर खिडकीत बसून खालच्या बस मोजतात. त्यांना तुमच्यात घ्या ना." मी माझा जुना कुंचला दिला.

त्यांचे अक्षर वाईट होते. मी म्हणायचो, "लाओ फू, तुमच्या अक्षराला अजून पहिला गिअरसुद्धा सापडलेला नाही." ते उत्तर फरशीवर लिहायचे. एकदा लिहिले, "मास्तरांचा हँडब्रेक जन्मापासून ओढलेला." सगळे हसले. मीही हसलो, पण 'ब्रेक'ची शेवटची रेघ लुळी पडली होती ती दाखवून दिली. बाकी बोलणे असेल तेव्हा ते खिशातल्या वहीत लिहीत. फरशीवर लिहिताना कोट काढून झाडाला अडकवायचा त्यांचा रिवाज होता. वही कोटात राहायची.

आमच्यात फरशीवर काय लिहिले आहे याची चर्चा होत नाही. कसे लिहिले आहे याची होते. बहुतेक जुन्याच कविता असतात, सगळ्यांना पाठ. बघणारा ओळीच्या पायथ्याशी उभा राहतो, रेघ कुठे उचलली, कुठे दाबली ते बघतो, मान हलवतो किंवा हलवत नाही. अर्थ विचारणारा नवखा समजावा.

बागेत २० ऑक्टोबरपासून शेवंतीचे प्रदर्शन होते. प्रवेशाच्या दोन खांबांवर लावायला जोडओळी निवडण्याचे काम माझ्याकडे आले होते. जोडओळींचे दोन्ही भाग शब्दाला शब्द भरावे लागतात. एक पट्टी लांब आणि एक आखूड असली तर दार वाकडे दिसते. आपली जोडी खांबावर लागावी अशी लाओ फू यांची फार इच्छा होती. पंधरा दिवस ते रोज नवी जोडी आणत. शेवंतीवर क्वचितच, बहुधा स्वतःच्या दुखण्यांवर. १२ तारखेची जोडी मला आठवते : "गुडघे माझे कुरकुर करती, जिना म्हणे पुन्हा या." मी म्हणालो, "हे हाडांच्या दवाखान्याबाहेर लावा." ते खांदे हलवून हसले.

१४ ऑक्टोबर रोजी मी सकाळी ६.४० वाजता बागेत पोचलो. लाओ फू ७.०५ ला आले. त्यांनी कोट झाडाला अडकवला. त्यांचा चेहरा कसा होता, असे मॅडमनी विचारले. मी चेहऱ्याकडे पाहिले नाही. ७.१५ ला त्यांनी सरावाच्या आडव्या रेघा काढल्या. त्या डळमळत होत्या. मी म्हणालो, "रात्री झोप नाही वाटतं. मनगट कुठं ठेवून आलात?"

७.२५ ला त्यांनी दोन ओळी लिहिल्या. नेहमी ते सावकाश लिहीत, त्या दिवशी भरभर लिहिले. मी पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. पहिली ओळ : "डाव्या हातात जीव नाही." दुसरी ओळ : "मुलीला बोलावून घ्या."

मी दोन्ही ओळी वाचल्या. वाचल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. मला वाटले ही आजची जोडी. मी म्हणालो, "अक्षरात आज पहिल्यांदा थोडा प्राण आलाय. पण जोडी लंगडी आहे. वर चार शब्द, खाली तीन. एक शब्द कमी पडतोय."

त्यांनी कुंचल्याच्या दांड्याने दुसऱ्या ओळीवर दोनदा ठोकले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हणालो, "माझ्याकडे काय बघता? शब्द मी देणार नाही. तुमची जोडी, तुम्हीच भरा."

 मग ते वाकले आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला जागा होती तिथे एक शब्द घातला. शब्द "लवकर" असा होता.

मी ओळ पुन्हा मोजली आणि म्हणालो, "आता जमलं."

तेव्हा ७.२९ झाले होते. माझी बादली रिकामी झाली होती म्हणून मी ती भरायला तळ्यावर गेलो. वाटेत कुआंग बाई भेटल्या. त्या तिथे बायकांना पंख्याचा नाच शिकवतात. त्या म्हणाल्या, "काय मास्तर, आज कुणाला रडवलंत?" मी सांगितले की लाओ फू यांची जोडी आज पहिल्यांदा बरी झाली आहे, खांबासाठी विचार करीन. त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडून 'बरी'? त्यांना सांगितलंत का? नाहीच सांगितलं असणार. तुमच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली तळ्यात." आम्ही थोडे बोललो. मी ७.४० ला परत आलो.

लाओ फू बांबूच्या कठड्याला टेकून खाली बसले होते. कुंचला मांडीवर होता. मला वाटले दमले. त्यांच्या ओळी वाळल्या होत्या. शेवटी घातलेला शब्द तेवढा अजून ओला होता. तो मी पाहिला. त्यावर पाय पडू नये म्हणून बाजूने गेलो आणि पलीकडच्या लादीवर माझे लिहीत बसलो. दहा मिनिटे मी लिहिले. काय लिहिले ते आठवत नाही. ७.५० ला कुआंग बाई आल्या आणि म्हणाल्या, "अहो मास्तर, हे असे का बसलेत? यांचे ओठ बघा." त्यांनीच फोन केला. ७.५८ ला गाडी आली. रुग्णालयात ९.०५ ला त्यांना मृत घोषित केले. हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटे आधी आणले असते तर काही सांगता आले असते. 

फू चिंगयुन ९.२० ला पोचली. कामावरून आली होती, अंगात औषधाच्या दुकानाचा पांढरा कोट होता. तिने मला विचारले, "काका, बाबांनी आज काही लिहिलं होतं का? माझ्यासाठी काही?" मी म्हणालो, "नेहमीसारखंच. शेवंतीवर." ती म्हणाली, "सांगा ना." मी उभ्या उभ्या दोन ओळी रचून सांगितल्या : "शेवंती उशिरा फुलली तरी, दवाला घाई कुठे होती." मला जोडओळी पटकन सुचत नाहीत. त्या दिवशी सुचल्या. तिने त्या ओळी हातावर पेनाने लिहून घेतल्या. ती म्हणाली, "म्हणजे बाबा शांतपणे गेले." मी हो म्हणालो. दुपारी ठाण्यात विचारले तेव्हा तेच पुन्हा सांगितले.

नंतर तिने मला त्या ओळी कागदावर लिहून द्यायला सांगितल्या, दगडावर कोरायला. बाबांना तुमचेच अक्षर आवडायचे, असे ती म्हणाली. मी लिहून दिल्या. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले अक्षर आहे. एकाही रेघेत चूक नाही. मला त्या कागदाची लाज वाटते.

विचारल्यावरून सांगतो की, मला कोणी धमकावलेले नाही, मी आजारी नाही आणि औषध घेऊन आलेलो नाही. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, यात गुन्हा काही नाही. फाइल बंद झाली आहे. मुलीला समोर बसवा आणि सांगून टाका." मी तिच्या घरी तीन वेळा गेलो. १८ तारखेला तिने सारण भरून मोदकासारख्या वाफवलेल्या करंज्या वाढल्या. २२ तारखेला शेवया वाढल्या. २६ तारखेला ती म्हणाली, "काका, तुम्ही होतात म्हणून बरं. नाहीतर बाबा एकटेच असते." मी जेवून घरी आलो. तिच्यासमोर घास तोंडात जातो, शब्द तोंडातून निघत नाही.

मग मी तिला सांगितले की ठाण्यातला एक कागद पुरा करायचा राहिला आहे, मला घेऊन चल. ती आज सुट्टी काढून मला स्वतःच्या गाडीतून घेऊन आली. गाडीत तिने माझ्या गुडघ्यांवर शाल टाकली. ती बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली आहे.

माझे म्हणणे एवढेच की, फू यिनान यांनी शेवटी जे लिहिले ते आठ शब्द वर दिल्याप्रमाणे आहेत. त्यातले सात त्यांनी आपण होऊन लिहिले, एक माझ्या सांगण्यावरून. ते मुलीसाठी होते. दगडावर काय कोरायचे, की काहीच नाही, हे तिने ठरवावे. माझा कागद तिने फाडला तरी माझी तक्रार नाही.

जबाब टाइप झाल्यावर अधिकारी म्याओ मॅडम यांनी तो मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवला. मला ऐकायला व्यवस्थित येते, तरी माझ्या विनंतीवरून त्यांनी मोठ्याने वाचला आणि वाचताना व्हरांड्याकडचे दार उघडे ठेवले. मध्येच थांबू का, असे त्यांनी एकदा विचारले. मी नको म्हणालो. बाहेरून कसलाही आवाज आला नाही. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही : यान पेइशेंग