चाळिसावं डोकं

नाही, पण मला सांगा, माणसानं बोलायचंच नाही का? घरात सख्खी भाची पीएच.डी. करतेय, तीही माणसाच्या मेंदूवर, म्हणजे माणूस लक्ष कसं देतो, कंटाळतो कसा, चिडतो कसा यावर, आणि मामानं चारचौघांत त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही? तर म्हणे, ‘मामा, तुमच्यामुळे माझी सात वर्षं पाण्यात जाणार!’ माझ्यामुळे! अहो, सात वर्षं तिला स्कूटरवरून लॅबच्या दारात सोडतोय, चार टायर बदलले, एक अख्खी स्कूटर बदलली, निघालो तेव्हा केस होते डोक्यावर... आणि ही रोज उतरताना काय म्हणते? ‘मामा, आता एवढंच राहिलंय.’

एवढंच म्हणजे किती, ते विचारायचं नाही. पहिल्या वर्षी एकदा विचारलं होतं. दोन दिवस जेवली नाही पोरगी.

दोष तिचा नाहीच हो. दोष तिच्या गाइडचा. लॅबमधली पोरं त्या सरांना पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणतात, कारण पूर्णविराम म्हणून काही असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. ही रक्त आटवून प्रकरण लिहून नेते, ते हातात घेतात, वाचत नाहीत, पट्टी काढून समास मोजतात... खोटं नाही सांगत, लाकडी पट्टी! आणि मग नाकातून, ‘छाऽन, छान. आता फक्त एवढं एकच कर. अजून दहा माणसं तपास.’ ही दहा तपासते. ‘उत्तम! आता एवढं एकच...’ दहाची वीस झाली, विसाची तीस झाली, मग म्हणाले, ‘चाळीस कर, चाळीस भरदार दिसतात.’ तसा कागदच करून वर विद्यापीठात पाठवला. आता चाळीस म्हणजे चाळीस, एकोणचाळीस चालणार नाहीत!

आणि प्रयोग काय, तर ऐका. माणसाला एका छोट्या, आवाजबंद खोलीत बसवायचं, बोलणं काय ते माइकवरून. डोक्यावर बत्तीस वायरींची टोपी, प्रत्येक वायरीखाली गार, चिकट जेल. समोरच्या पडद्यावर ठिपके येतात, निळा आला की बटण दाबायचं. कंटाळून माणूस अर्धमेला झाला की पडद्यावर अक्षरं येतात, ‘शेवटची दहा मिनिटं’. माणूस खूश. दहा मिनिटं संपतात आणि पुन्हा अक्षरं येतात, ‘शेवटची दहा मिनिटं’. मग तिसऱ्यांदा! आता संपलं, आता संपलं म्हणताना जेव्हा संपत नाही, त्या क्षणाला मेंदूत जी कळ उठते, ती हिचं यंत्र पकडतं. मी म्हटलं, ‘अगं, ही टोपी तूच का घालत नाहीस?’ तर म्हणाली, ‘घातली होती, मामा. माझ्या मेंदूत आता काहीच उठत नाही. सरळ रेघ.’

अटी दोनच. माणूस उजव्या हातानं लिहिणारा हवा. आणि मुख्य म्हणजे, बसणाऱ्याला यातलं काही आधी ठाऊक नसलं पाहिजे.

आता तुम्हीच सांगा, इतकी झकास गोष्ट हाती लागल्यावर कुठला माणूस गप्प बसेल? मी सांगितली केशकर्तनालयात. सांगितली बँकेच्या रांगेत. दातांच्या डॉक्टरला तर कापसाचे बोळे तोंडात असताना सांगितली, हातवारे करून! परिणाम काय? पोरीनं गेल्या महिन्यात पोस्टमन पकडून आणला, टोपी घातली, पहिली ‘शेवटची दहा मिनिटं’ आल्याबरोबर तो आतून हसला, ‘ताई, अजून दोनदा येणार ना? मामांनी सांगितलंय!’ तो बाद. गॅसवाला बाद. मामीच्या शिवणक्लासातल्या अकरा बायका एका दमात बाद. सगळ्या शहरात न ऐकलेला माणूस उरला नाही हो! आणि विद्यापीठाच्या ऑफिसचं पत्र येऊन पडलेलं... शुक्रवारी पाचच्या आत थिसिस जमा झाला नाही तर नोंदणी रद्द. सात वर्षं केली काय, न केली काय, सारखंच.

शुक्रवार उजाडला तेव्हा एकोणचाळीस डोकी होती. थिसिस छापून तयार, फक्त शेवटचे आकडे रिकामे. स्कूटरवरून उतरताना म्हणाली, ‘आता एवढंच राहिलंय,’ पण असं म्हणाली, की मलाच माझी जीभ छाटून टाकावीशी वाटली. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलेलं, मीठमिरची तेवढी माझी.

साडेबारा वाजले. ती लॅबमध्ये एकटी, हातात रिकामी टोपी, रडूही येईना. तेवढ्यात दार उघडून सर आले पट्टी शोधायला, टोपीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘काय गं, ही वायरींची भानगड कसली?’

सात वर्षं! सात वर्षं हा माणूस गाइड! तिला आधी वाटलं, ही टोपीच फेकून मारावी. मग वाटलं... थांब. या जगात एक डोकं शिल्लक आहे, ज्याला माझ्या प्रयोगातलं ओ की ठो माहीत नाही. आणि ते समोर उभं आहे!

‘सर,’ ती म्हणाली, मधासारख्या आवाजात, ‘तुम्ही उजव्याच हातानं लिहिता ना?’

‘हो. का?’

‘काही नाही. बसा ना जरा.’

आणि बसले हो! टोपी चढली, जेल भरलं, दार बंद. ही बाहेर यंत्रापाशी. सात वर्षांत पहिल्यांदा तिला दिसत होतं, सरांच्या डोक्यात काय चाललंय ते. बराच वेळ विशेष काही चाललेलं नव्हतं. मग पहिली ‘शेवटची दहा मिनिटं’ आली, लहर कशी शांत, तृप्त. दुसरी आली आणि रेघ जी उसळली, ती पडद्याबाहेर! तिसरीला आतून दारावर धपाधपा, ‘संपलं म्हणायचं आणि संपवायचं नाही? ही काय माणुसकी झाली? कुठल्या दुष्टाच्या डोक्यातून निघालं हे?’

‘सर, तुमच्याच सहीनं मंजूर झालंय. सहा वर्षांपूर्वी.’

बाहेर आले. केस जेलनं ताठ उभे, गळ्यात टॉवेल. हिनं शेवटचा कागद पुढे केला, प्रत्येकाकडून भरून घेतात तो. ‘प्रयोगाचा हेतू आधी माहीत होता का?’ दोन चौकोन. होता. नव्हता.

पेन उचललं, खाली ठेवलं, चष्मा पुसला. ‘अगं, हे परिशिष्टात जाणार? बाहेरचे परीक्षक वाचणार?’

‘वाचणार.’

‘मग... अंशतः माहीत होता, असं?’

‘तसा चौकोन नाही, सर.’

पुन्हा चष्मा पुसला त्यांनी. तर ही माझी भाची, जिनं सात वर्षं त्यांच्यासमोर मान वर केली नाही, ती म्हणाली, ‘सर, होता लिहिलंत तर माझी सात वर्षं गेली. नव्हता लिहिलंत तर तुमची. लवकर ठरवा, पाचला खिडकी बंद होते.’

लांऽब श्वास घेतला त्यांनी. आणि केली खूण. ‘नव्हता.’ खाली सही, तारीख, वेळ. ‘पण तिसऱ्या प्रकरणाचा समास...’ म्हणेपर्यंत हिनं कागद ओढून घेतला होता.

पाचला दहा कमी असताना आम्ही ऑफिसच्या खिडकीशी. आतल्या बाईंनी पानं मोजली, शिक्का मारला, पोच दिली. झालं! मी म्हटलं, ‘चल गं, सुटलीस!’ तर ही हलेचना. पोच उलटीपालटी करून बघतेय. ‘बाई, नक्की संपलं ना?’

‘संपलं.’

‘आता काही राहिलेलं नाही?’

‘नाही हो.’

‘तसं लिहून द्याल?’

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘काही बाकी नाही असा दाखला हवाय? मिळेल की. त्याचा वेगळा अर्ज असतो. तीन प्रतींत भरा, गाइडची सही आणा, पंधरा दिवसांनी या.’

आणि तुम्हाला सांगतो, पोरगी तिथंच बाकावर अर्ज भरायला बसली हो! मी काय बोलणार? इतकं बोलून बसलोय मी आधीच... गुपचूप खिशातलं पेन काढून दिलं.