मीठ दे, मीठ देते, बरोबर मीठ

…नाही, पण मला एक सांगा, जेवताना मीठ मागायला तीनदा बोलावं लागतं का हो कुणाच्या घरी? आमच्याकडे लागतं! प्रज्ञेश म्हणणार, "आई, मीठ दे." मी म्हणायचं, "मीठ देते." मग तो, "बरोबर, मीठ." तेव्हा कुठे बरणी हलवायची! अणुभट्टी चालवतो ना माझा मुलगा, अकरा वर्षं झाली, तिथे असंच बोलतात. एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच म्हणून दाखवायचं, पहिल्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच बटणाला हात… आणि नोकरी पर्मनंट हं!

आमच्या येरवड्याच्या शेजारीणबाई, मथुराबाई, विचारतात, "ऑपरेटर म्हणजे लिफ्टचा का हो?" म्हटलं, अहो, अणुभट्टीचा! "मग करतो काय दिवसभर?" आता काय सांगू… काही होऊ देत नाही! आठ तास डोळ्यांत तेल घालून बसायचं आणि काही होऊ द्यायचं नाही. तर म्हणाल्या, "अगंबाई, आमच्या ह्यांनी तीस वर्षं हेच केलं."

तर तुम्हाला सांगते, एरवी तो तिकडे भट्टीच्या कॉलनीत असतो, सुट्टीला घरी येतो; गेल्या वर्षी त्याला सहा महिने इथे पुण्यातच पाठवलं. मी हुरळले, रोज माझ्या हातचा डबा! कशाला पाठवलं? तर नवी यंत्रणा येतेय, आपली आपण भट्टी चालवणारी, तिला शिकवायला! इथल्या ऑफिसात खोटी बटणं, खोटे दिवे, आणि समोर स्पृहा नावाची मुलगी, गोड हो अगदी, "सर, प्लीज मोठ्याने विचार करा ना, सिस्टिम ऐकतेय!" जन्मात न बोलणारा माझा मुलगा दिवसभर बोलायचा… इथे का थांबलो, कशाची शंका आली, कुठला आवाज वेगळा वाटला… इतक्या वर्षांच्या शंका ओतल्या त्या यंत्रणेत! एकदा जेवताना विचारलं, "ती शिकली की तू काय करणार रे?" म्हणाला, "आई, भाजी वाढ." मी म्हटलं, "भाजी वाढते." …आणि तो 'बरोबर' म्हणालाच नाही हो! नोकरी पर्मनंट!

आता सुट्टीला आलाय, तर परवा त्याला ऑफिसचं पत्र आलं. पाळीला आठ जण होते, आता एक. सात जणांना कुठे स्टोअरला टाकलं, कुठे गेस्ट हाउसवर. राहिला तो आमचा प्रज्ञेश! मी पेढे घेऊन आले. म्हटलं, "म्हणजे बटणं तुझ्याच हातात ना?"

"हात लावायचा नाही, आई. फक्त बसायचं."

"मग तुला ठेवलं कशाला?"

तर शांतपणे म्हणतो, "उद्या काही झालंच, तर सस्पेंड कुणाला करणार? यंत्राला?"

…घ्या ना, पेढा घ्या.